डायलिसिसला पॅकेज आहे, बीपीच्या गोळीला नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सरकारच्या खर्चाने मोफत उपचार देणाऱ्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या रुग्णालयांची बिलं थकली, कुणी रुग्णाकडून वरून पैसे उकळले, अशा बातम्या आपल्या जिल्हा पानावर अधूनमधून येतात. मग चर्चा रंगते ती पैसे किती मिळाले आणि कधी मिळाले याची. ते नेमके कशाचे मिळतात, हे कोणी विचारत नाही. मी यवतमाळ जिल्ह्यात आरोग्य सहाय्यक म्हणून नोकरी केली. निम्मं आयुष्य उपकेंद्रांची रजिस्टरं तपासण्यात गेलं, म्हणून चार शब्द लिहितो.

आमच्या गल्लीत एक शेतकरी आहेत, पन्नाशी ओलांडलेले. शिबिरात बीपी निघालं, गोळ्या सुरू झाल्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्या कधी असायच्या, कधी नसायच्या. "गोया नाईत म्हने, पुढच्या हप्त्यात या म्हने," असं सांगत ते रिकाम्या हाताने परत यायचे. त्यात कापूस वेचणीचे दिवस. वेचायला बाया मिळेनात, आणि केंद्रात जायचं म्हणजे ऑटोचं भाडं देऊन वर अर्धा दिवस मोडायचा. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग गोळी कशाला, असं होत होत औषध सुटलं. काही वर्षांनी पायावर सूज आली तेव्हा दोन्ही किडन्या गेलेल्या होत्या. आता आठवड्यातून दोनदा पहाटेच्या एसटीने जिल्ह्याला जातात, चार तास मशीनवर झोपतात आणि संध्याकाळी परत येतात. सोबत बायको किंवा पोरगा, म्हणजे दोघांची मजुरी बुडाली. डायलिसिस महात्मा फुले योजनेत बसतं, एक रुपया लागत नाही. त्याबद्दल सरकारला दुवाच दिला पाहिजे.

पण हिशेब बघा. प्रत्येक डायलिसिसमागे रुग्णालयाला ठरलेला दर, म्हणजे पॅकेज, मिळतो. आधीच्या सगळ्या वर्षांत त्यांचं बीपी कोणी आटोक्यात ठेवलं असतं, तर त्याला त्याचे म्हणून काय मिळालं असतं? काहीच नाही. केंद्रातल्या डॉक्टरांचा पगार तेवढाच, गोळ्या असल्या काय, नसल्या काय. २०२३ च्या निर्णयाने ही योजना सगळ्यांना खुली झाली आणि कुटुंबामागे संरक्षण पाच लाखांपर्यंत गेलं. मोठं काम झालं. मात्र योजना सुरू होते ती माणूस खाटेवर पडल्यावर. सुट्टी झाल्यानंतर दहा दिवसांची औषधं पॅकेजमध्ये धरलेली आहेत, परतीचं एसटीचं भाडंसुद्धा धरलेलं आहे. अकराव्या दिवशी तो रुग्ण पुन्हा त्याच केंद्राच्या दारात, त्याच "पुढच्या हप्त्यात या"वर.

खासगी दवाखान्यात तर केलेल्या कामाचे पैसे हा उघड व्यवहार आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशभरातल्या खासगी रुग्णालयांतल्या बाळंतपणांपैकी ४७.४ टक्के सिझर होती, सरकारीत १४.३ टक्के. अवघड केसेस खासगीकडे जातात, काही घरची मंडळीच मुहूर्त काढून येतात, हे मान्य. तरी एवढी तफावत नुसत्या आजारपणाने येत नाही. रुग्ण पाठवणाऱ्याला मिळणाऱ्या कमिशनबद्दल तर बोलायलाच नको. २०१७ मध्ये आपल्या राज्यात कट प्रॅक्टिसविरुद्ध कायद्याचा मसुदा झाला होता. कायदा काही झाला नाही.

मग कामगिरीवर पैसे द्या, असं कोणी म्हणेल. देतोच की आपण. आशाताईंना कामागणिक मोबदला मिळतो: नवजात बाळाच्या घरभेटींचे २५० रुपये, लसीकरणाचे वेगळे, क्षयरोग्याला गोळ्या पूर्ण केल्याचे वेगळे. या घरभेटींची पद्धत आपल्याच विदर्भातली, गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने उभी केलेली. तिथे गावातली बाई बाळाचं वजन करी, ताप मोजी, न्यूमोनिया ओळखून उपचारही करी, आणि बाळं वाचली. सरकारी कागदावर त्या कामाचं रूप काय झालं? महिनाअखेरीला आशाताई केंद्राच्या व्हरांड्यात मांडीवर मोबदल्याचं पत्रक घेऊन बसलेली असते, भेटींचे रकाने भरते, सिस्टरची सही घेते, मग आशांवर देखरेख करणारी गटप्रवर्तक, मग तालुका. एक तारीख चुकली की पत्रक परत. बाळाच्या छातीत घरघर होती का, हे त्या पत्रकात कुठेच विचारलेलं नाही. पैसे हाती यायला महिने लागतात ते वेगळंच. उशिरा आलेला मोबदला ही कामाची पावती वाटत नाही, थकबाकी वाटते.

उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना महिन्याला २५ हजार ठरलेले आणि १५ हजारांपर्यंत कामावर. कल्पना चांगली. पण माझ्या पाहण्यात निकषांचा भर मोजणीवर: किती ओपीडी, किती तपासण्या, पोर्टलवर किती नोंदी. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचं बीपी तपासून नोंदवलं की टार्गेट पूर्ण. ते खाली आलं का, हे बघायला कोणाला सवड नाही. आणि नोंदीही कशा? रजिस्टर उघडावं तर पानंच्या पानं १३०/८०, १३०/८०. अख्ख्या गावाचं रक्त एकाच दाबाने वाहतंय! ही कर्मचाऱ्यांची लबाडी म्हणून सोडून देऊ नये. बीपी मशीनचा पट्टा फाटलेला, सेल संपलेले, बाहेर रांग, आणि वरून संध्याकाळपर्यंत आकडा पाहिजे असा मेसेज. कुटुंब नियोजनाच्या टार्गेटच्या काळात आम्ही हेच पाहिलं आहे. आकड्याला पैसे लावले की आकडा येतोच.

ब्रिटनने २००४ पासून फॅमिली डॉक्टरांच्या उत्पन्नाचा चांगला मोठा भाग अशा निकषांना जोडला. बीपी, मधुमेह, दमा यांच्या गुणांवर पैसे. सुरुवातीला सुधारणा दिसली, मग ती थबकली. आणि ज्या गोष्टींना गुण नव्हते तिकडे तुलनेने दुर्लक्ष झालं. स्कॉटलंडने तर २०१६ मध्ये ती पद्धतच बंद केली. तिथली संगणकातली नोंद आणि आपलं रजिस्टर यांत जमीन-अस्मानाचा फरक, तरी हे झालं. म्हणून सगळा पगार कामगिरीवर टाका, असं मी म्हणणार नाही. पगार पगाराच्या जागी राहू द्या.

मागणी एवढीच, की पैशाचा एक छोटा भाग रुग्ण बरा राहण्याला जोडा, आणि मोजमाप पैसे घेणाऱ्याच्या हातात ठेवू नका. हे आपल्याकडे अशक्य नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातले जे पहिले जिल्हे होते, त्यांत वर्धा आणि भंडारा होते. तिथे प्रत्येक रुग्णाचं कार्ड, ठरलेला औषधक्रम, आणि प्रश्न एकच: नोंद झालेल्यांपैकी कितीजणांचं बीपी शेवटच्या भेटीत १४०/९० च्या खाली, म्हणजे आटोक्यात, होतं? हा आकडा केंद्रागणिक काढता येतो. तिमाहीला दुसऱ्या तालुक्याच्या पथकाने वीस-पंचवीस कार्डं चिठ्ठ्या टाकून उचलावी, त्या घरी जाऊन स्वतःच्या मशीनने बीपी बघावं, गोळ्यांची पट्टी दाखवायला सांगावी. १३०/८० ची साथ आपोआप ओसरेल. जे पैसे येतील ते एकट्या अधिकाऱ्याला न देता सिस्टर, आशा, औषधनिर्माता, शिपाई अशा सगळ्या केंद्रात वाटावे. गोळ्या वेळेत मागवणं औषधनिर्मात्याच्या हातात असतं, आणि कोण आलं नाही हे आशाताईलाच माहीत असतं. गोळ्यांचा साठाच वरून आला नसेल, तर ती तिमाही केंद्राच्या खात्यात धरू नये. जिल्ह्याच्या खात्यात धरावी. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांनाही हेच लागू करता येईल, कारण तिथेही गोळी खंडित झाली की पोर वॉर्डात.

रुग्णालयांचं म्हणाल तर केंद्र सरकारच्या आयुष्मान भारत योजनेत दर्जाचं मानांकन असलेल्यांना दहा-पंधरा टक्के जादा दर आहे, विकासात मागे म्हणून निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांनाही दहा टक्के जादा. गडचिरोली, वाशिम त्यात येतात. आमचा यवतमाळ नाही. मानांकनाचा कागदपत्रांचा डोंगर नागपूरचं मोठं रुग्णालय सहज चढेल, पुसद-वणीच्या वीस खाटांच्या डॉक्टरला ते झेपायचं नाही. त्यापेक्षा पॅकेजचा थोडा भाग हाती ठेवून, ऑपरेशननंतर महिन्याभराने रुग्णाला फोन करून तो द्यावा. जखम भरली का, पुन्हा भरती व्हावं लागलं का, वरून पैसे मागितले का, एवढे तीन प्रश्न पुरेत. मात्र बाकीची रक्कम ठरल्या मुदतीत रुग्णालयाच्या खात्यात पडलीच पाहिजे. सहा-सहा महिने बिल थकवणाऱ्या सरकारने दर्जाच्या गोष्टी केल्या, तर कोणता डॉक्टर ऐकून घेईल?

सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या खेड्यांत ज्वारीवर आरोग्य विमा चालवला होता, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. सुगी आली की घरटी ज्वारी द्यायची, पुढे दुखणं आलं तर त्यातून सवलत. आजारी पडण्याआधी पैसे घेतले की गाव निरोगी राहण्यात दवाखान्याचाही फायदा असतो. आज थायलंडसारखे देश बाह्यरुग्ण सेवेला डोईमागे वर्षाचा ठरावीक निधी देतात, त्यातही हाच विचार आहे. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांना असा डोईमागे औषधनिधी द्यायला काय हरकत आहे? गोळ्या संपल्या तर रुग्णकल्याण समितीने त्यातून त्याच दिवशी तालुक्याच्या मेडिकलमधून घ्याव्यात आणि पावती ग्रामसभेत वाचून दाखवावी.

सुरुवात वर्धा आणि भंडाऱ्यातून करावी, तिथे कार्डांची सवय आहे. आमच्या जिल्ह्याचा नंबर नंतर लागला तरी चालेल. पण यंदाच्या वेचणीआधी केंद्रात तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्यायला सुरुवात करा. त्याला कुठलं पॅकेज लागत नाही, एक पत्रक पुरे.

आपला,
एक निवृत्त आरोग्य सहाय्यक
ता. घाटंजी, जि. यवतमाळ