गाडीतलं सिलिंडर चाललं का, ते पण छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की आपल्या पेपरात तीच बातमी परत परत येते, घाटात चालत्या कारने पेट घेतला, आतले सगळे वेळेत उतरले, अग्निशमन दल पोचेपर्यंत गाडी जळून खाक, कारण शॉर्टसर्किट असावं असा अंदाज. गाडी कुठली, कुठून कुठे चालली होती, ट्रॅफिक किती वेळ अडकलं हे सगळं छापून येतं, पण त्या गाडीत आग विझवायचं सिलिंडर होतं का, होतं तर ते चाललं का, ही एक ओळ मला तरी आजवर वाचायला मिळालेली नाही. पत्र लिहायचं कारण तेवढंच आहे.

माझ्या टुरिस्ट गाड्या आहेत, त्यामुळे पासिंगला, म्हणजे आरटीओच्या तपासणीला, सिलिंडर दाखवावंच लागतं. आमच्या धंद्यात काय चालतं ते पण सांगतो, पासिंगच्या दिवशी दुसऱ्याच्या गाडीतलं सिलिंडर काढून आणायचं, दाखवायचं आणि संध्याकाळी परत नेऊन द्यायचं, हे सर्रास होतं. खासगी कारला तर आपल्याकडे सक्तीच नाही. पोलंड, बेल्जियम, ग्रीसमध्ये साध्या घरच्या कारलाही सक्ती आहे, आपल्याकडे पंधरा लाखाची गाडी घेणारा माणूस सीट कव्हर, मॅटिंग, अँड्रॉइड स्क्रीन सगळं बसवून घेतो आणि सिलिंडर म्हटलं की कशाला उगाच म्हणतो. आणि बाहेरून बसवलेल्या लाइट आणि हॉर्नच्या वायरिंगमधूनच कितीदा तरी ठिणगी पडते, फ्यूज न टाकता डायरेक्ट बॅटरीवरून वायर ओढलेली असते. उंदरांनी कुरतडलेली वायर हे दुसरं कारण, गाडी पंधरा दिवस उभी राहिली की बॉनेट उघडून बघाच.

आता घ्यायचं कुठलं. ऑनलाइन आणि टोलनाक्याजवळ तो स्प्रेसारखा छोटा डबा मिळतो, दिसायला छान, कप होल्डरमध्ये बसतो. त्याच्या भरवशावर कृपा करून राहू नका. त्यात माल थोडा असतो, सिगारेटच्या ठिणगीने सीटला लागलं तर ठीक, इंजिनच्या आगीपुढे त्याचं काही चालत नाही. शिवाय अशा बहुतेक डब्यांवर ५० अंशाच्या वर तापू देऊ नका असं छापलेलं असतं, आणि एप्रिल-मेमध्ये अकोला-नागपूरकडे उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत डॅशबोर्डवर किती तापमान होतं ते ज्याने स्टिअरिंगला हात लावलाय त्याला विचारा.

कारसाठी एबीसी पावडरचं सिलिंडर घ्या, कमीत कमी १ किलोचं, मोठी एसयूव्ही किंवा टेम्पो ट्रॅव्हलर असेल तर २ किलोचं. एबीसीच का, तर गाडीत तिन्ही प्रकारची आग लागू शकते, सीटचा फोम, कापड, रबर हे ए, पेट्रोल डिझेल ऑइल हे बी आणि सीएनजी एलपीजी हे सी. स्वस्तातलं बीसी पावडरचं पण मिळतं, त्यात सोडा बायकार्ब असतो, पेट्रोलवर चालतो पण सीटच्या फोमवर टिकत नाही, ज्वाळ गेली तरी आतली धग राहते आणि परत पेटतं. एबीसीमधली पावडर अमोनियम फॉस्फेटची असते, ती उष्णतेने वितळून जळत्या वस्तूवर थर धरते म्हणून आग परत उठत नाही. पसारा होतो हे खरं, पावडर इंजिनवर तशीच राहिली आणि ओल लागली तर ॲल्युमिनियम आणि कनेक्टर खाते, नंतर नीट साफ करून घ्यावं लागतं. पण गाडी वाचली तर साफसफाईचं बघता येईल. सीओटूचं, म्हणजे कार्बन डायऑक्साइड गॅसचं, काही लोक सुचवतात कारण ते घाण करत नाही, पण त्याचं सिलिंडर जाड आणि जड, आणि उघड्या रस्त्यावर वारा असला की गॅस उडून जातो. ऑफिसच्या विजेच्या पॅनेलपाशी ते चांगलं, हायवेवर नाही.

घेताना आयएसआय मार्क आणि आयएस १५६८३ हा नंबर बघा, बनवल्याची तारीख बघा, आणि वर प्रेशर गेज आहे का बघा, काटा हिरव्यात पाहिजे. ए आणि बीच्या जोडीला आकडे पण लिहिलेले असतात, आकडा जेवढा मोठा तेवढी मोठी आग ते विझवू शकतं, म्हणून दोन सिलिंडरमध्ये निवड करायची झाली तर रंगरूपापेक्षा तो आकडा बघा. १ किलोचं चांगलं सिलिंडर हजार-दीड हजाराच्या आसपास येतं, एका सर्व्हिसिंगपेक्षाही कमी.

आणि घेतलं की डिकीत टाकू नका!! हे मी अगदी हात जोडून सांगतो. बॅगांच्या खाली गेलेलं सिलिंडर ऐनवेळी निघत नाही, मागून कोणी ठोकलं तर डिकीच उघडत नाही. सीटखाली नुसतं सरकवलेलं पण नको, घाटात उतारावर ते घरंगळत ब्रेकच्या पेडलखाली येऊ शकतं. पुढच्या सीटच्या खाली किंवा पुढ्यात लोखंडी क्लॅम्पने घट्ट बसवा, ड्रायव्हरचा हात पोचला पाहिजे. महिन्यातून एकदा काढून उलटंसुलटं करून हलवा, गाडीच्या हादऱ्याने पावडर खाली बसते आणि पावसाळ्यात मिठाचा खडा होतो तसा गठ्ठा होतो, गेजचा काटा हिरव्यात असला तरी बाहेर काही येत नाही, कारण गेज प्रेशर दाखवतं, पावडरची अवस्था नाही. एकदा थोडं जरी दाबलं तरी लगेच रिफिल करा, व्हॉल्व्हमध्ये पावडरचे कण अडकतात आणि प्रेशर हळूहळू उतरतं.

वापरायची वेळ आलीच तर आधी गाडी बाजूला, इंजिन बंद, सगळे खाली आणि लांब, कोणीतरी १०१ किंवा ११२ ला फोन लावायचा. बॉनेटमधून धूर येत असेल तर बॉनेट भसकन वर करायचं नाही, हवा मिळाली की भडका उडतो. आतून लिव्हर ओढून फट पडेल तेवढंच सोडायचं आणि त्या फटीतून किंवा खालून मारायचं. पिन काढा, ज्वाळेच्या शेंड्यावर नको, बुडाशी मारा, सहा-सात फुटांवरून. १ किलोचं सिलिंडर आठ-दहा सेकंदात संपतं, म्हणजे दुसरा चान्स नाही. तेवढ्यात विझली नाही तर सिलिंडर टाकून द्या आणि मागे व्हा. काही लोक पाण्याची बाटली ओततात, पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरते, असं करू नका.

सिलिंडरची मर्यादा पण लोकांना कळली पाहिजे. सीएनजीच्या टाकीपाशी आग पोचली असेल तर लांब पळायचं. इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी पेटली तर एबीसी पावडरने ती थांबत नाही, सेलच्या आतच उष्णता तयार होत राहते, विझल्यासारखी वाटते आणि परत पेटते. २०२२ च्या मार्चमध्ये पुण्यात लोहगावला उभी ई-स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय. आणि १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ बस उलटून पेटली, २५ माणसं गेली, तिथे दाराच्या बाजूवर बस आडवी झाली होती, अशा वेळी काच फोडायचा हातोडा आणि उघडणारी खिडकी हीच कामाची, म्हणून सिलिंडरसोबत हातोडापण गाडीत ठेवा.

तरी बहुतेक कारच्या आगी पहिल्या मिनिटात लहानच असतात, वायरचा धूर, ऑइलचा ओघळ. तेव्हा हाताशी काही असलं तर अग्निशमन दलाची वाट बघत गाडी जळताना पाहावी लागत नाही. म्हणून विनंती, तुमच्या वार्ताहरांना सांगा की पुढच्या वेळी गाडी जळाल्याची बातमी देताना मालकाला एवढं विचारा, सिलिंडर होतं का, कुठे ठेवलं होतं, चाललं का, आणि उत्तर छापा. परिवहन खात्यानेही पासिंगला नुसतं सिलिंडर आहे का न बघता ते त्याच गाडीत क्लॅम्पने बसवलंय का आणि रिफिलची तारीख काय हे बघावं, म्हणजे आमच्यातली उसनवारी बंद होईल.

आपला नम्र,
एक टुरिस्ट गाडीमालक, सातारा