कुंडीवर विषाची चिठ्ठी हवी

महोदय,

पावसाळा लागला की रोपवाटिकांत गर्दी होते, सोसायट्यांच्या बागांचीही कामं निघतात. सायकस आणि कण्हेर त्यात ठरलेलीच. दोन्ही काटक, पाणी कमी मागणारी, म्हणून माळ्यांच्या आवडीची, आणि दोन्ही कुत्र्या-मांजरांच्या जिवावर बेतणारी. कुंडीवर किंमत लिहिलेली असते, हे नसतं.

सायकस ‘पाम’ म्हणून विकला जातो, पण तो पाम नव्हे. विष त्याच्या सर्व भागांत, सर्वाधिक बियांत. मादी झाडाच्या केशरी-लाल बिया कुत्री खेळायला उचलतात; एक-दोन बियाही घातक ठरू शकतात. आधी उलट्या होतात आणि दोन-तीन दिवसांत यकृत निकामी होऊ लागतं. मधल्या काळात कुत्रं सावरल्यासारखं वाटलं, की मालक गाफील राहतात. कण्हेरीचं विष हृदयाची लय बिघडवतं. छाटून कोपऱ्यात वाळत टाकलेल्या फांद्याही विषारीच. गुरं तिला सहसा तोंड लावत नाहीत म्हणून ती दुभाजकांवर शोभते. दात येत असलेल्या पिल्लाला एवढी अक्कल कुठली!

मांजर असलेल्या घरात मात्र पुष्पगुच्छातली लिली सर्वांत वाईट. फुलवाले डाग पडू नयेत म्हणून परागकोश खुडून देतात, त्यामुळे ती निर्धोक होत नाही. पान, पाकळी, अंगावरून चाटलेले परागकण, फुलदाणीतलं पाणी, यांतलं काहीही मांजराची मूत्रपिंडं एक ते तीन दिवसांत बंद पाडू शकतं. सलाईन १८ तासांच्या आत सुरू झालं तर वाचण्याची आशा चांगली असते, म्हणून लक्षणांची वाट पाहू नये. पीस लिली वेगळी: ती, मनी प्लांट आणि डिफेनबेकिया यांनी तोंडाची आग होते, लाळ गळते, पण जीव जाण्याची वेळ क्वचितच येते. तोंड पाण्याने धुवावं आणि गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होतोय का, ते पाहावं.

विष खाल्लं की उलटी व्हावी म्हणून घरोघरी मिठाचं पाणी पाजतात. ते कृपया थांबवा. पाच किलोच्या कुत्र्याला चहाचे दोन चमचे मीठ म्हणजे दुसरी विषबाधा. दुधाने विष उतरत नाही. उलटीसाठी हायड्रोजन पेरॉक्साइड मांजराला कधीच देऊ नये. तोंडातला पाला काढावा, फोन करून निघावं. सोबत खाल्लेल्या झाडाची फांदी, खाल्ल्याची अंदाजे वेळ आणि प्राण्याचं वजन. झाडाचं नाव कळलं तर उपचार लवकर ठरतात, आणि तेच बहुतेकांना सांगता येत नाही.

म्हणून रोपवाटिकांनी कुंडीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव आणि ‘पाळीव प्राण्यांना विषारी’ एवढी चिठ्ठी लावावी. सोसायट्यांनी कुत्री फिरवण्याच्या वाटेवर सायकसऐवजी अरेका पाम, कण्हेरीऐवजी जास्वंद लावावी. आधीचा सायकस काढायचा नसेल, तर निदान बिया धरण्यापूर्वी त्याचं मधलं बोंड कापून टाकावं. पानं विषारी राहतातच, पण मोठा धोका कमी होतो.

– एक पशुवैद्यक, पुणे