प्रत्येक तुकड्याचा हिशोब देणाऱ्या पॅथॉलॉजीच्या मॅडमना

इंदूर

आदरणीय मॅडम, सादर नमस्कार.

रामबाग, लोकमान्यनगरकडच्या कितीतरी काका-आजोबांना प्रोस्टेटचा (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा) कॅन्सर असूनही आम्ही "ऑपरेशनची घाई नको" असं सांगू शकतो, ते आपल्या बायोप्सी रिपोर्टच्या भरवशावर. त्याबद्दल मनापासून आभार.

नुसतं 'ग्लीसन ६' (कॅन्सर किती आक्रमक दिसतो याचा अंक; ३ + ३ मिळून ६ हा सौम्य) लिहून आलं, तर प्रोस्टेटमधला कॅन्सर लहान आहे की नाही, हे ठरत नाही. सुईने काढलेल्या बाराही तुकड्यांचा आपण वेगळा हिशोब देता: लांबी किती मिलिमीटर, त्यात कॅन्सर किती. त्यामुळेच कॅन्सर लहान आणि कमी धोक्याचा आहे का, हे ठरवणारे पॅथॉलॉजिस्ट एपस्टाइन यांचे १९९४चे निकष लावता येतात. कॅन्सर तीनपेक्षा कमी तुकड्यांत, एकाही तुकड्यात निम्म्याहून जास्त नाही, ग्लीसन ६च्या वर नाही, बोटाच्या तपासणीत गाठ लागत नाही आणि पीएसए घनता (रक्तातलं प्रोस्टेटचं प्रथिन, ग्रंथीच्या आकारमानाच्या प्रमाणात) ०.१५पेक्षा कमी.

घनता आम्ही काढतो. सोनोग्राफीतली लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची, पुन्हा ०.५२ने गुणायचं, आणि येणाऱ्या आकारमानाने पीएसएला भागायचं. पीएसए ६ आणि ग्रंथी ६० मिली, तर ०.१०, ग्रंथी ३० मिलीच असेल, तर तोच ६ म्हणजे ०.२०. प्रोस्टेट लहान करणारी फिनास्टेराइडची गोळी सहा महिने चालू असेल, तर पीएसए साधारण निम्मा दिसतो आणि घनता खोटी कमी येते. गोळीची ही नोंद आपण फॉर्मवर सक्तीची केलीत, फार बरं झालं.

वेगळ्या डब्यांचा आग्रहही आपलाच. प्रत्येक जागेचा तुकडा स्वतंत्र डबीत, १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये. नाव डबीच्या अंगावर, कारण झाकणं बदलली जातात. एकाच डबीत टाकले की तुकडे गुंततात, मोडतात, मग किती तुकड्यांत कॅन्सर आहे हे मोजणार कसं? तुकडा अपुरा असेल, तर आपण तसं स्पष्ट लिहिता. क्रिब्रिफॉर्म, म्हणजे चाळणीसारखी, रचना नसेल, तर तेही लिहिता. ती असली की ३ऐवजी ग्लीसन पॅटर्न ४ धरावा लागतो, बेरीज ६च्या वर जाते आणि पेशंट कमी धोक्याच्या गटातून बाहेर जातो.

तरी ग्रंथीच्या पुढच्या भागातली गाठ सुईला चुकू शकते. म्हणून एमआरआय, दर सहा महिन्यांनी पीएसए आणि वर्षभरात पुन्हा बायोप्सी आम्ही सोडत नाही. त्या वेळी आपण जुन्या स्लाइड्स काढून नव्यांशेजारी ठेवून बघता, हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही.

रेसिडेंट मुलांनाही हीच मोजणी शिकवताय, त्याबद्दल वेगळे आभार.

आपले कृतज्ञ,
यूरोलॉजीतले सहकारी