कात्रणाची मागची बाजू

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

बायकांनी आपलं शरीर आहे तसं स्वीकारावं, असा लेख गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत आला होता. चांगला होता म्हणून कापून ठेवला आणि कापताना मागची बाजू दिसली. तिथे ‘वधू पाहिजे’ होतं. गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष. सडपातळ, उच्चशिक्षित. सडपातळ, नोकरी करणारी. कोपऱ्यात एका पावडरची जाहिरात: महिन्यात दहा किलो वजन कमी, ना व्यायाम, ना पथ्य.

माझं वय ४९, उंची पाच फूट दोन इंच, वजन ८१ किलो. आकडा लिहिताना हात अडखळला, हे कबूल करते. १९९९ साली स्थळांसाठी फोटो काढायचा होता, तेव्हा आईने मला फोटोग्राफरसमोर तिरकं उभं केलं आणि पदर पुढे घ्यायला लावला. मी तेव्हा ६३ किलोची होते. पाहायला आलेल्या एका बाईंनी पोह्यांची बशी हातात घेत विचारलं, “पहिल्यापासूनच अशी आहे का?” आई म्हणाली, “खात्यापित्या घरची आहे.” तिने हे अभिमानाने म्हटलं की सारवासारव केली, ते मला आजतागायत कळलेलं नाही. आजीच्या तोंडी मात्र तेच शब्द नक्की कौतुकाचे असत.

लग्न झालं, दोन बाळंतपणं झाली. हळदीकुंकवाला “तब्येत सुधारली हो तुझी!” हे ऐकायची सवय झाली. चाळिशीनंतर थकवा, केस गळणं, चेहऱ्यावर सूज. दोन डॉक्टरांनी मला काट्यावर उभं केलं आणि ‘आधी वजन कमी करा’ म्हणून परत पाठवलं. तिसऱ्या डॉक्टर बाईंनी रक्त तपासायला सांगितलं, तेव्हा थायरॉइड निघाला. मधली दोन वर्षं गेली ती गेलीच. गोळी सुरू झाल्यावर तीन-चार किलो उतरले, बाकीचे तिथेच आहेत. सगळं थायरॉइडवर ढकलणार नाही. त्यात शिऱ्याचा, बैठ्या नोकरीचा आणि वयाचाही वाटा आहे. साखर काठावर आहे म्हणून रोज सकाळी चालते. वजनाचा आणि तब्येतीचा संबंध नाही, असं मला म्हणायचंच नाही. पण ते मी आणि माझे डॉक्टर बघू, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी नव्हे.

एवढ्या वर्षांत एका शब्दानेही न बोललेली बाई म्हणजे आमच्या गल्लीतल्या ब्लाउज शिवणाऱ्या काकू. टेप लावतात, वहीत माप लिहितात आणि न सांगता आत दोन इंच माया सोडतात.

आता तुमच्याकडे येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २४ टक्के जणींचं वजन जास्त आढळलं आणि जवळपास १९ टक्के जणींचं गरजेपेक्षा कमी. म्हणजे जाहिरातीतल्या सडपातळ मुलींत पोटाला पुरेसं न मिळालेल्याही असणार. त्यांच्याबद्दल “तब्येत सुधार बाई” असं म्हणणारं वेगळं हळदीकुंकू असतं, एवढाच फरक.

पावडरीचं तर सरळ कायद्यातच आहे. औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ चा. ज्या आजारांवर औषधाची जाहिरात करायला बंदी आहे, त्यांच्या यादीत मधुमेह, मोतीबिंदू आणि कर्करोगाबरोबर लठ्ठपणाही आहे. ही बंदी जाहिरात देणाऱ्यापुरती नाही, ती प्रसिद्ध करण्यात भाग घेणाऱ्यालाही आहे. ती पावडर औषध म्हणून विकतात की ‘आहारपूरक’ म्हणून, हे पैसे घेण्यापूर्वी तुमच्या जाहिरात विभागाने विचारलं होतं का? विचारलं असेल तर उत्तर छापावं. वधू-वरांच्या जाहिरातींना कायदा आडवा येत नाही, तिथे तुमची मर्जी. पण लेख लिहून घेणारे तुम्हीच आणि ‘सडपातळ’चे पैसे घेणारेही तुम्हीच, म्हणून विचारते आहे.

मागच्या महिन्यात माझ्या २६ वर्षांच्या भाचीची जाहिरात द्यायला आम्ही दोघी तुमच्या शाखेत गेलो होतो. खिडकीतल्या गृहस्थांनी विचारलं, “बांधा काय लिहू?” ती म्हणाली, “लिहूच नका.” त्यांनी मान वर करून एकदा तिच्याकडे पाहिलं. रविवारी छापून आलं, ‘मध्यम बांधा’. तुमच्याकडे पैसे शब्दांवर असतात. त्या दोन शब्दांचेही आमच्याकडून घेतले.

आपली,
एक वाचक, कराड
(कृपया नाव छापू नये.)