शनिवारी रात्री माइनक्राफ्ट सर्व्हर बंद : आवृत्ती १.२०.४ वरून १.२१.१ वर

मंडळी, येत्या शनिवारी रात्री ११ वाजता सर्व्हर बंद होईल आणि रविवारी सकाळी १० ला पुन्हा सुरू होईल. पावणेअकरापर्यंत सुरक्षित जागी येऊन लॉगआउट करा. नेदरमध्ये (खेळातल्या पाताळात) लाव्हाच्या काठावर उभं राहून नको.

खेळणाऱ्यांनी लाँचरमध्ये नेमकी १.२१.१ निवडायची. 'लेटेस्ट रिलीज' घेतलंत तर आत येता येणार नाही. खेळ ज्यावर चालतो ते जावा वेगळं टाकू नका, लाँचर स्वतःचं आणतो. फॅब्रिकचे मॉड (खेळात बदल करणाऱ्या जोडफाइली) असतील तर तेही याच आवृत्तीचे हवेत. पत्ता आणि पोर्ट २५५६५ तेच.

सर्व्हर सांभाळणाऱ्या तिघांसाठी :

- खिडकी फुली मारून बंद करू नका. कन्सोलमध्ये (आदेश टाइप करायच्या खिडकीत) 'स्टॉप' द्या, जग सेव्ह होऊ द्या, मगच 'वर्ल्ड' फोल्डरची प्रत काढा. चालू सर्व्हरची प्रत अर्धवट निघू शकते. नव्या आवृत्तीत उघडलेलं जग जुन्यात परत नेता येत नाही, म्हणून ही प्रत हवीच.
- जावा २१ लागेल. १७ वर चालवलंत तर ६५.० हा आकडा असलेली एरर येते. ती जावा जुनं असल्याची खूण; जार फाइल (सर्व्हरचा प्रोग्राम) खराब समजून पुन्हा डाउनलोड करत बसू नका.
- जार अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या आणि जुन्याच फोल्डरमध्ये ठेवा. रिकाम्या फोल्डरमध्ये ठेवली तर सर्व्हर ईयुला (वापराच्या अटी मान्य करायची) फाइल बनवून थांबतो, आणि तिथे 'ट्रू' करून पुढे गेलात तरी व्हाइटलिस्ट (फक्त यादीतल्यांनाच आत घेणारी सोय) बंदच असते. म्हणजे दार सताड उघडं.