बाबांना त्यांचा तलाव वरून दाखवणाऱ्या ड्रोनवाल्या भावास

भाऊ,

तुझं नाव लिहू नको असं तू निघताना बजावून गेलास, म्हणून लिहीत नाही. पण आभार मात्र चारचौघांत मानणार आहे. ज्यांनी आम्हाला आधी नाही म्हटलं त्यांनी ते फोनवर म्हटलं, कुणाच्या कानावर गेलं नाही. तुझा होकार तरी लोकांना कळू दे. पहिल्याच फोनवर तू मला ताई म्हणालास, त्या हक्काने अरे-तुरे करते आहे.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. आम्ही ढिवर, मासे धरणारे. रामटेकच्या बाजूला आमचं गाव, गावाला तलाव, आणि बाबांची सगळी हयात त्या तलावावर गेली. रोहू, कटला, मरळ, झिंगे, हिवाळ्यात शिंगाडे. डोंगा, म्हणजे आमची लाकडी नाव, त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलेला. सागाच्या फळ्या, सांध्यांत डांबर, दर उन्हाळ्यात पालथा घालून डागडुजी. आता गावात डोंगे फारसे उरले नाहीत. पोरं ट्रकच्या ट्यूबवर नाहीतर थर्माकोलवर बसून जाळं टाकतात. स्वस्त पडतं, एकट्याला खांद्यावर टाकून नेता येतं, त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

मागच्या वर्षी बाबांना लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय गेला. मी त्यांना नागपूरला माझ्याकडे मानेवाड्याला घेऊन आले. डोंगा चुलतभावाकडे राहिला, पण त्याच्या तळाच्या फळ्या कुजल्या होत्या आणि हा त्याचा शेवटचा हंगाम, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. एके संध्याकाळी माझ्या मुलाने मोबाईलवर केरळातल्या सापनौकांच्या शर्यतीचा वरून काढलेला व्हिडिओ लावला. एका नौकेत शंभराच्या आसपास माणसं, सगळी वल्ही एकाच वेळी पाण्यात जाणारी. बाबांनी तो पुन्हा पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाले, "आपला डोंगा असा वरून कसा दिसत असन?"

लकवा मारल्यापासून त्यांनी काही मागितलं नव्हतं. जेवण पुढे केलं तर जेवायचे, नाही केलं तर मागायचे नाहीत. म्हणून मी त्या एका वाक्याच्या मागे लागले.

नागपुरात ड्रोनवाल्यांना तोटा नाही. एका स्टुडिओने विचारलं, लग्न आहे का? नाही म्हटल्यावर, वाढदिवस? तेही नाही म्हटल्यावर पलीकडून आवाज आला, "ढिवराच्या डोंग्यात शूट करण्यासारखं काय आहे मॅडम?" मी फोन ठेवला आणि बाबांना सांगितलं की त्यांना वेळ नाही. दुसऱ्याने आगाऊ रक्कम घेतली आणि दर वेळी नवं कारण काढलं. शेवटी खरं बोलला, की पाण्यावर मशीन न्यायची त्याला भीती वाटते, पडलं तर भरपाई कोण देणार. ही भीती खोटी नाही, आता मला तेही कळतं. पण मग पैसे घेताना ती कुठे होती? तिसरा म्हणाला, एवढ्या लांब कशाला जाता, अंबाझरीवर बोटिंगची बोट घेऊ, काकांना काठावर बसवू, पहाटे पटकन उडवून घेऊ, कोण पाहतं!

तुला मी हेच सांगितलं होतं, की अंबाझरीवर करून दे, बाबांना न्यायला सोपं पडेल. तू सरळ नाही म्हणालास. विमानतळ जवळ, वायुसेनेचा तळ जवळ. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय जमिनीवरून उचलायचंही नाही. ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत मोकळीक, आणि त्याच्या बाहेर हिरव्या, म्हणजे परवानगी लागत नाही अशा क्षेत्रात ४०० फूट. हे सगळं तू फोनवर शांतपणे समजावलंस. हातातलं काम जात असताना समजावलंस, हे मला विशेष वाटलं. आणि मग विचारलंस, "पण ताई, बाबांचा तलाव तर अंबाझरी नाही ना? मग त्यांच्याच तलावावर जाऊ. त्यांना गाडीत एवढा वेळ बसवेल का?"

बाबांना बसवेल का, हे तोवर कुणी विचारलं नव्हतं.

कागदपत्रांचं, परवानगीचं इथे लिहीत बसत नाही. गावच्या मच्छीमार संस्थेच्या अध्यक्षांना तू स्वतः फोन केलास, तुझं पायलटचं प्रमाणपत्र आणि मशीनची नोंदणी न मागता दाखवलीस, एवढं सांगते.

त्या सकाळी तू आमच्या आधी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, पोचला होतास. थंडी होती, पाण्यावरून वाफ उठत होती. चुलतभावाला वाटलं होतं की मशीन डोंग्यातूनच उडेल. तू त्याला म्हणालास, मशीन जिथून उडतं ती जागा लक्षात ठेवतं, आणि संपर्क तुटला की तिथेच परत येतं. डोंगा तोवर पुढे गेलेला असतो, मग ते उतरणार कुठे? पाण्यात. म्हणून पाळीवरूनच उडवायचं. त्याच्या पोटाखालचा कॅमेरा जमिनीवरच्या खुणा बघून स्थिर राहतो, पण पाण्यावर खुणा नसतात, लाटा हलतात, आभाळ चमकतं आणि त्याचा गोंधळ उडतो. म्हणून फार खाली आणायचं नाही. आधी वाऱ्याच्या तोंडावर जायचं, म्हणजे बॅटरी उतरत आल्यावर परत येताना वारा पाठीशी असतो. बाबा प्लास्टिकच्या खुर्चीत बसून ऐकत होते. ते हळूच म्हणाले, "आमचंबी तसंच हाय." सकाळी भरल्या ताकदीने वाऱ्यावर जायचं आणि दमल्यावर वाऱ्यासोबत घरी यायचं, हे त्यांनी मला लहानपणी सांगितलेलं. तू वळून म्हणालास, "मग काका, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं." तोंडदेखलं बोललेलं कळतं, भाऊ. ते तसं नव्हतं.

उडवण्याआधी तू घाटाकडे चालत गेलास. तिथे बाया कपडे धूत होत्या. कॅमेरा वर जाणार आहे, तुमच्या बाजूला वळणार नाही, तरी तुमचं आटोपेपर्यंत आम्ही थांबतो, असं त्यांना सांगून आलास, आणि खरंच थांबलास. आमच्या तलावावर हल्ली लग्नाआधीचे फोटो काढायला नागपूरहून जोडपी येतात. त्यांच्यासोबतची कॅमेऱ्याची माणसं आमच्या लोकांना सांगतात, "काका, जरा बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय." ज्यांचा तलाव, त्यांनीच बाजूला व्हायचं. म्हणून तुझं ते घाटापर्यंत चालत जाणं गावाने पाहिलं आणि लक्षात ठेवलं आहे. तिथली एक मावशी अजून विचारते, तो पोट्टा पुन्हा येणार का म्हणून.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते लिहिते.

ऊन वर आलं होतं. मशीन वर गेलं होतं, पण तुझ्या हातातल्या रिमोटच्या पडद्यावर काहीच दिसत नव्हतं, नुसती चकाकी. बाबांनी डोळे बारीक केले, मान वाकडी केली, मग मागे टेकून बसले. "जाऊ दे, नंतर पाहू," म्हणाले. घरी गेल्यावर टीव्हीवर दाखवू, असं मीही म्हणणारच होते. बाकी कुणीही असता तर तेच म्हणाला असता, कारण काम व्हिडिओ काढायचं होतं आणि ते चाललंच होतं. तू मात्र मशीन हवेत एका जागी थांबवलंस, बाबांच्या खुर्चीशेजारी मातीत बसलास आणि मला म्हणालास, "ताई, माझ्या गळ्यातला दुपट्टा काढा आणि आमच्या दोघांच्या डोक्यावर टाका. तुम्ही मशीनवर नजर ठेवा. घार जवळ आली की आवाज द्या."

बाबा अंग चोरून घ्यायला लागले. का, ते मला माहीत आहे. ढिवराच्या अंगाला वास येतो, हे त्यांनी जन्मभर ऐकलं आहे, एसटीत, बाजारात, शाळेत मला सोडायला आले तेव्हा. ते म्हणाले, "तुमचा दुपट्टा खराब होईन जी." तू म्हणालास, "सरका जी जरा, मले दिसत नाही." आणि डोकं त्यांच्या डोक्याला लावलंस.

मी वर घारी बघत उभी होते. खाली एका दुपट्ट्यात दोन डोकी, आणि आतून आवाज. पहिल्यांदा फक्त तुझा: हा बघा डोंगा, ही पाळ, तो तिकडे गड. मग बराच वेळ कुणाचाच नाही. मग बाबांचा, लकव्यानंतर मी ऐकला नव्हता इतका मोठा: "डावीकडं ने! तिथं खोल हाय, तिथं पाणी काळं दिसन!" बाबांचा चांगला हात दुपट्ट्याबाहेर आला होता आणि दिशा दाखवत होता. वर मशीन डावीकडे वळलं. मग उजवीकडे. बाबा सांगतील तसं. तू कॅमेऱ्यावर चकाकी कापणारा फिल्टर लावला होतास, त्यामुळे काठाजवळ पाण्याच्या आतलंही दिसत होतं. शिंगाड्याच्या वेलीखालची मोकळी वाट, बुडालेलं बाभळीचं खोड, ज्यात जाळी अडकून फाटायची. चाळीस वर्षं जे बाबा बांबूने चाचपून ओळखत आले ते त्यांना डोळ्यांनी दिसलं. "हाच तो, हाच तो," म्हणत होते. कुणाला सांगत होते कुणास ठाऊक.

मग चुलतभावाने डोंग्यातून जाळं फेकलं. बाबांनी जन्मभर जाळं फेकलं, पण ते पाण्यावर उघडून पडताना वरून कसं दिसतं हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. कसं पाहणार? फेकणारा डोंग्यात उभा असतो. दुपट्ट्याच्या आतून हुंकार आला, आणि लगेच नाराजी: "एका बाजूनं दबलं. खांदा नाही फिरवला पोट्ट्यानं." तू पाळीवरून ओरडून त्याला सांगितलंस, काका म्हणतात पुन्हा फेक, खांदा फिरव. त्याने पुन्हा फेकलं. पुन्हा. बॅटरी बदलून तू मशीन पुन्हा वर नेलंस. शेवटी जाळं पूर्ण गोल उघडलं, कडेचं शिसं एकदम पाण्याला लागलं आणि पाण्यावर एकच वर्तुळ उमटलं. बाबा काही बोलले नाहीत. तू बोललास: "आता बरोबर आहे ना काका?" त्यांच्या परीक्षेला उतरेपर्यंत तू थांबून राहिलास. तुझा शॉट तर पहिल्याच फेकीत झाला होता.

मी किती जणांना हे सांगितलं, सगळे विचारतात, कोणता ड्रोन होता, किती मेगापिक्सेल. मला ते सांगता येत नाही, आणि सांगावंसंही वाटत नाही. मशीन त्या आधीच्या तिघांकडेही होतं, कदाचित तुझ्यापेक्षा महागाचं. आजारी माणसाला लोक दाखवायला नेतात, बसवतात, गुंडाळतात, त्याच्यावतीने बोलतात, मीही बोलते. तू त्याला विचारलंस, कुठे नेऊ? आणि तो म्हणाला तिथे नेलंस. अशी माणसं मला बँकेच्या खिडकीत भेटली आहेत, मेडिकलच्या वॉर्डात रात्रपाळीच्या एका सिस्टर होत्या तशा, ऑटोवाले भेटले आहेत. त्यांची कुणी बातमी करत नाही. मला ती करायची आहे, म्हणून एवढं लांबलं.

आणखी एक. पलीकडच्या काठाला थंडीतले पाहुणे पक्षी उतरले होते. माझ्या मुलाने हट्ट धरला, त्यांच्यावरून ने, सगळे एकदम उडतील, मस्त दिसेल. तू त्याच्यावर चिडला नाहीस. एवढ्या लांबून येऊन ते दमून बसलेत, त्यांना उगाच उठवायचं नाही, एवढंच म्हणालास. तो आता शाळेत सगळ्यांना हेच ऐकवतो.

ठरल्यापेक्षा तू एक रुपया जास्त घेतला नाहीस, दुसऱ्या बॅटरीचेही नाहीत. आई तुझ्यासाठी मरळीचा रस्सा करायची वाट पाहते आहे, आणि ती एकदा ठरवलं की ऐकत नाही.

बाबा रोज व्हिडिओ पाहतात. आता त्यांची नवी मागणी आहे. पावसाळ्यात तलाव भरला की सांडव्यावरून पाणी जातं आणि धारेवर मासे चढतात, ते त्यांना वरून बघायचं आहे. भर पावसात मशीन उडत नाही, हे मी त्यांना सांगितलं आहे. ते म्हणाले, उघडीप कधी पडते ते मला कळतं, आदल्या दिवशी त्याला फोन लावू. तर श्रावणात फोन येईल. त्यांच्याच नंबरवरून येईल. उचल.

तुझी ताई,
मानेवाडा, नागपूर