मार्गदर्शनाचे तास कार्यभारात मोजा

महोदय,
स. न. वि. वि.

पदवीच्या विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांच्या हाताखाली खरेखुरे संशोधन करावे का, यावर आपल्या अंकात पत्रे येत आहेत. बहुतेकांचा आक्षेप एकच: या मुलांना अजून विषयच नीट येत नाही, ती संशोधन काय करणार? माझी सारी नोकरी इतिहास शिकवण्यात गेली आणि पदवीच्या मुलांना सोबत घेऊन मी बरेच काम केले, म्हणून लिहावेसे वाटले. मुलांची कुवत कधी आड आली नाही. आड येतो तो प्राध्यापकांचा वेळ, कारण तो कोणत्याही हिशेबात धरला जात नाही.

कुवतीबद्दल शंका असलेल्यांनी विषाणूंचे एक उदाहरण पाहावे. जिवाणूंना मारणारे विषाणू मातीतून शोधून काढायचे, त्यांना नाव द्यायचे, त्यांची जनुकीय रचना वाचायची, असे काम अमेरिकेत 'सी-फेजेस' या उपक्रमात 2008 पासून पहिल्या वर्षाची मुले करत आहेत. पिट्सबर्ग विद्यापीठाचे ग्रॅहम हॅटफुल हे या कामातले मोठे नाव. त्यांच्या संग्रहात 'मडी' नावाचा एक विषाणू आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या दरबानमध्ये एका विद्यार्थिनीला तो 2010 मध्ये सडलेल्या वांग्याच्या खालच्या बाजूला सापडला. पुढे लंडनमध्ये फुप्फुस प्रत्यारोपण झालेल्या, प्रतिजैविकांना दाद न देणारा संसर्ग झालेल्या 15 वर्षांच्या मुलीवर तीन विषाणूंच्या मिश्रणाने उपचार झाले आणि तिची प्रकृती खूपच सुधारली. त्या तिघांत 'मडी' होता. हा अहवाल 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. ते वांगे उचलताना यातले काहीच कुणाला ठाऊक नव्हते, पण ते नीट तपासून घेणारे आणि जपून ठेवणारे शिक्षक मात्र होते.

विज्ञानात हे जमते, आमच्या विषयांत कसे जमणार, असे कला शाखेचे सहकारी म्हणत. त्यांच्यासाठी माझ्याच एका विद्यार्थिनीचे काम सांगते. एका साथीच्या वर्षातली मृत्यूनोंदणीची जुनी पुस्तके ती वाचत होती. 'कारण' या रकान्यातले आकडे तिने संगणकावर उतरवले आणि आलेख काढला. तापाने मेलेल्यांची संख्या एकाएकी घटलेली, फुप्फुसाच्या विकाराची तितकीच वाढलेली. साथीने रूप बदलले, असा निष्कर्ष तिने लिहूनही टाकला. मी तिला इतकेच म्हटले, आलेख बाजूला ठेव आणि मूळ पाने पुन्हा बघ. काही आठवड्यांनी ती आली. "मॅडम, ज्या पानावर आकडा बदलतो ना, त्याच पानावर अक्षरही बदललंय." कारकून बदलला होता. आधीचा सरसकट 'ताप' लिहीत असे, नवा माणूस लक्षणे विचारून घेत असावा. मग संख्याशास्त्राच्या सरांकडे बसून दोन कारकुनांच्या नोंदी वेगळ्या करून कशा तपासायच्या, हे ती शिकली. इतिहास आणि गणित एकाच टेबलावर आले, ते तिच्या प्रश्नाला दोन्ही लागत होते म्हणून. त्यासाठी कुठल्या परिपत्रकाची गरज पडली नाही.

उत्तराचा अंदाज मला आधीच होता. सांगून टाकायला दोन मिनिटे लागली असती. पण तिला ते स्वतः सापडेपर्यंत दर आठवड्याला भेटणे, तिने लिहिलेले तपासणे, चुकीच्या वाटेने थोडे जाऊ देणे, फार दूर जाऊ न देणे, यात तासन्‌तास गेले. मार्गदर्शन म्हणतात ते हेच. व्याख्यान एकदाच द्यायचे आणि शंभर जणांनी ऐकायचे, हे इथे चालत नाही. तरीही वेळापत्रकात व्याख्यानाचा तास लिहिला जातो आणि हा लिहिला जात नाही. मग वर्गाचा वर्ग एकाच प्राध्यापकाच्या नावावर वाटून दिला जातो आणि पुढे काय होते ते सगळ्यांना माहीत आहे: विकत मिळणारे तयार प्रोजेक्ट, बाइंडिंग करून सबमिशन, पाच मिनिटांची व्हायवा, आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नलमध्ये पेपर. मुलांना खोटेपणाची सवय लावण्याचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही, आणि दोष मुलांचा नाही.

निवडीबद्दलही बोलायला हवे. फक्त गुणवत्ता यादीतल्या मुलांना संधी देणे मला पटत नाही. परीक्षेत चमकणारा मुलगा प्रयोग फसल्यावर खचताना आणि मधल्या बाकावरची मुलगी तोच प्रयोग चिकाटीने पुन्हा मांडताना विज्ञान शाखेच्या सहकाऱ्यांनी पाहिली आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत मार्गारेट मॅकविकर यांनी 1969 मध्ये पदवीच्या मुलांसाठी संशोधनाचा उपक्रम सुरू केला. तिथे या कामाचे श्रेयांक घेता येतात किंवा मानधन. मानधनाची ही सोय फार महत्त्वाची आहे. कॉलेज सुटल्यावर कामाला जाणाऱ्या मुलाला फुकटचे संशोधन परवडत नाही, आणि मग ही संधी आपोआप खात्यापित्या घरांपुरती उरते.

श्रेय हा नाजूक विषय. 1921 मध्ये टोरांटोत फ्रेडरिक बँटिंग यांच्याबरोबर इन्सुलिनवर काम करणारा चार्ल्स बेस्ट नुकताच पदवीधर झाला होता. 1923 चे नोबेल बँटिंग आणि प्रयोगशाळेचे प्रमुख मॅक्लिऑड यांना मिळाले, बेस्टचे नाव त्यात नव्हते. बँटिंग यांनी आपल्या बक्षिसाच्या रकमेतला अर्धा वाटा त्याला दिला. असा मनाचा मोठेपणा प्रत्येक प्राध्यापकाकडे असेलच, यावर विसंबून राहता येत नाही. विद्यार्थ्याने मोजमाप केले, विश्लेषण केले, तर पेपरवर त्याचे नाव कुठे येणार, हे काम सुरू होतानाच लेखी ठरलेले असावे.

विद्यापीठांकडे माझी मागणी साधी आहे. एका प्राध्यापकाकडे किती विद्यार्थी द्यायचे याला मर्यादा घाला, ती मर्यादा सर्व शाखांना लावा आणि मार्गदर्शनाचा प्रत्येक तास व्याख्यानाच्या तासाइतकाच कार्यभारात धरा. पदोन्नतीच्या अर्जात छापलेल्या पेपरांसाठी रकाना असतोच. त्याच्या शेजारी, पदवीच्या किती विद्यार्थ्यांचे काम शेवटापर्यंत नेले, हाही रकाना येऊ द्या. येत्या शैक्षणिक वर्षाची वेळापत्रके ठरण्याआधी हे झाले, तर नव्या तुकडीला त्याचा उपयोग होईल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापिका